दुसऱ्याच्या छातीतला आकडा

दर्शनाला चटकन किळस येते, ही गोष्ट तिच्या सासरी लग्नानंतर आठवड्याभरात सगळ्यांना कळली. चंद्राबाईंनी, म्हणजे तिच्या सासूने, मायेने आपल्या ताटातली अर्धी भाकरी मोडून सुनेच्या ताटात टाकली, तर सून त्या भाकरीकडे नुसती बघत बसली.

"काय गो, पाल पडली काय ताटात?"

"नाही, पोट भरलं माझं," दर्शना म्हणाली, पण तिचा चेहरा काही वेगळंच सांगत होता.

चंद्राबाईंनी राग धरला नाही, फक्त आळीभर सांगून टाकलं. तेव्हापासून महाडजवळच्या नाते गावातल्या त्या घरात दर्शनाचा पेला वेगळा, टॉवेल वेगळा, आणि लग्नाच्या पंगतीत तिच्या शेजारी बसणाऱ्याने उगाच तिच्या पानात वाढू नये, हा अलिखित नियम. सुशांतला, तिच्या नवऱ्याला, या सगळ्याची गंमत वाटायची. मुद्दाम तिच्या पेल्यातलं पाणी पिऊन तो म्हणायचा, "आता काय करशील, पेला टाकून देशील की मला?"

हे पहिल्या वर्षांतलं. पुढे सुशांतच्याच वस्तू वेगळ्या ठेवायची वेळ आली, आणि ती दर्शनाच्या नखऱ्यामुळे नव्हे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात तो ठेकेदाराकडून कामाला होता. तयार रंगाची भुकटी जिथे चाळतात आणि पिशव्यांत भरतात तो पावडर सेक्शन. तो घरी यायचा तो कानामागे, नखांत, पापण्यांवर पिवळा होऊन. त्याचे कपडे ती वेगळ्या बादलीत भिजवायची, त्या बादलीचं पाणी अंगणातल्या अळवाला घालायची नाही, आणि घराच्या मागे ओतलं की तिथलं गवत मरायचं. उशीचा अभ्रा कितीही घासला तरी मधोमध डोक्याएवढा पिवळा डाग राहायचाच. सकाळी मोरीत तो खोकायचा आणि थुंकी पाण्याने लोटून द्यायचा. एकदा लोटायला विसरला. दर्शनाने ते पिवळं बघितलं आणि त्या दिवशी तिने डबाच उघडला नाही.

तिची नोकरी महाड शहरात. प्लायवूडच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर सार्थकचं ऑफिस होतं. सावित्री नदीच्या पुराचं पाणी बघितलेल्या गावात कॉम्प्युटर कोणी तळमजल्यावर ठेवत नाही. सार्थक पुण्याला शिकलेला, वयाने दर्शनाहून लहान, बोलायला गोड आणि काम संपवायची घाई असलेला. आजूबाजूच्या कारखान्यांना लागणारी छोटी सॉफ्टवेअर तो करून द्यायचा. हजेरी, गोडाऊन, गेटपास. दर्शना त्यांची तपासनीस. लग्नाआधी पुण्यात तिने हेच काम केलं होतं आणि त्यात ती मुरलेली होती. दुसऱ्याने शिजवलेल्याचा आधी वास घ्यायचा, मग चव, हा तिचा स्वभावच होता. तिने 'ठीक आहे' म्हटलेलं सहसा आंबून निघत नसे.

हे काम नेमकं काय, असं चंद्राबाईंनी एकदा भाजी निवडता निवडता विचारलं होतं. सून घरीसुद्धा लॅपटॉपवर बसून हिरव्या टिकल्या मोजत असते, ते कशासाठी हे त्यांना समजून घ्यायचं होतं. दर्शनाने जरा विचार केला.

"तुळसामावशी मागे किशोरसाठी पोलादपूरला मुलगी बघायला गेल्या होत्या ना?" तुळसा ही चंद्राबाईंची धाकटी बहीण आणि किशोर तिचा मुलगा. "मुलीने चहा आणला. दूध आईने तापवलेलं, साखर काकूने घातलेली, कप शेजारणीचे. मुलीच्या हातात भरलेला ट्रे दिला आणि म्हणाले, जा. तसंच आमचं. प्रोग्रामच्या ज्या तुकड्याला तपासायचं, त्याला लागतं ते सगळं आम्ही बाहेरून हातात देतो. त्याने स्वतः काही आणायचं नाही."

"मग ती नांदंल कशी ते कसं कळायचं?"

"नांदते कशी ते त्या दिवशी बघायचंच नसतं. ट्रे धरताना हात कापतो का, एवढंच बघायचं."

"हाट," चंद्राबाई म्हणाल्या. "म्हणून तर ती सोयरीक मोडली."

पण दर्शनाने सांगितलं ते बरोबर होतं. कारखान्याच्या सॉफ्टवेअरला खरं यंत्र जोडलेलं असतं. ऑफिसात बसून चाचणी घेताना ते यंत्र टेबलावर नसतं, म्हणून त्याच्या जागी एक खोटं यंत्र द्यायचं. त्या खोट्या यंत्राने काय सांगायचं, ते चाचणीच्या डोक्यावर एका ओळीत लिहायचं. ॲट या चिन्हाने सुरू होणारी ती ओळ. पुस्तकात तिला ॲनोटेशन म्हणतात, सार्थकच्या ऑफिसात सगळे लेबल म्हणत. चाचणी सुरू झाली की लेबल वाचलं जातं, त्यावरची किंमत आत पोचते, आणि प्रोग्राम बिचारा समजतो की ही खऱ्या यंत्रातून आली. पुढचा हिशेब त्याने बरोबर केला की पडद्यावर हिरवी टिकली, म्हणजे चाचणी पास. सोयीची, स्वच्छ रीत. दर्शना दिवसभर लेबलं लिहायची आणि त्यात तिला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

त्या वर्षी सार्थकला नवं काम मिळालं. ठेकेदाराच्या कामगारांची दर वर्षी आरोग्य तपासणी होते, तिचं सॉफ्टवेअर. कामगाराने एका नळीत जोरात फुंकायचं, यंत्र श्वास मोजतं, आणि त्या वयाच्या, त्या उंचीच्या माणसाचा श्वास जेवढा असावा त्याच्या किती टक्के आहे ते सांगतं. आकडा बरा असेल तर पडद्यावर हिरव्यात 'फिट'. फार खाली असेल तर तांबड्यात 'अनफिट', आणि त्या माणसाला भुकटीत, धुरात ठेवायचं नाही, दुसरं काम द्यायचं, असं कारखान्याच्या नियमात लिहिलेलं. कामगार त्या यंत्राला फुंकणी म्हणत.

कारखाना सुशांतचाच होता. दर्शनाने तो नियम मन लावून वाचला. दुसरं काम द्यायचं. स्टोअर असेल, गेट असेल, काहीही, पण ती भुकटी नाही. सुशांत स्वतः मागणार नव्हता. सेक्शन बदलून मागणाऱ्याला ठेकेदार घरचा रस्ता दाखवतो, असं त्याचं ठाम मत होतं. पण यंत्रच म्हणालं तर?

बघावं म्हणून तिने एका शनिवारी फुंकणी घरी आणली. पहिल्यांदा ती स्वतः फुंकली. मग नवी नळी लावून चंद्राबाईंना दिली. त्या हसत सुटल्या, "जन्मभर चुलीत फुंकलं, आता हितं फुंकू?" मग सुशांत. तो आधी नाहीच म्हणाला. मग चेष्टा केली. मग दर्शना हलेना तेव्हा त्याने नळी तोंडात धरली आणि फुंकली. अर्ध्यातच त्याला उबळ आली. तो वाकून खोकत राहिला. नळीच्या टोकाला लाळेची तार लोंबत होती आणि तिच्यात पिवळी कणी होती.

पडद्यावर चोपन्न.

"बिघडलंय तुझं यंत्र," तो म्हणाला.

पुन्हा फुंकलं तरी तेवढंच. चंद्राबाई उठल्या आणि त्यांनी पुढचं दार ओढून घेतलं.

"हे भायेर बोलायचं नाय," त्या म्हणाल्या.

"आई, बाहेर कसलं? पुढच्या आठवड्यात कॅम्पला हेच निघणार आहे. निघालेलं बरं. दुसरीकडे टाकतील त्यांना."

"ह्याच्याच शेक्शनच्या जानूला टाकलं दुसरीकडं? घरी टाकलं. बसलाय ओट्यावर दिवसभर."

"बसलाय, पण भुकटी तर खात नाही."

"मग काय खातो गो? बायको खानावळीत भांडी घासते ती खातो." चंद्राबाईंनी फुंकणीकडे बोट केलं. "तुझ्या हातात हाय ना ते? मग त्याच्या नावाम्होरं बरं काय ते घाल. तू म्हणत होतीस ना, आम्हीच हातात देतो म्हणून."

दर्शनाने नळी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली आणि हात धुतले. पुन्हा धुतले. सुशांत मोरीच्या दाराशी उभा राहून बघत होता.

"माझी किळस येते तुला?"

"तुमची नाही."

"मग?"

तिने आपला वेगळा टॉवेल ओढला आणि हात पुसले.

सोमवारी ऑफिसात तिने एक नवी चाचणी लिहिली. डोक्यावर लेबल लावलं, श्वास चोपन्न, वय बेचाळीस. चालवली. प्रोग्रामने बरोबर हिशेब करून 'अनफिट' म्हटलं, आणि उत्तर बरोबर आलं म्हणून चाचणीपुढे हिरवी टिकली उमटली. नवऱ्याची छाती फुटकी असल्याची हिरवी टिकली. आजवर अशा शेकडो टिकल्या तिने समाधानाने मोजल्या होत्या.

सार्थक मागे येऊन उभा राहिला. "हे चोपन्न कशाला, मॅडम?"

"आजारी माणूस ओळखतो का, ते बघायला."

"ओळखतो की. पण उद्या ठेकेदाराचा माणूस डेमो बघायला येतोय. त्याच्यासमोर तांबडं नको. चौऱ्याहत्तर करा."

"मग अनफिट येणार नाही आणि चाचणी नापास होईल."

"मग खाली 'फिट' लिहा. लेबलवर काय लिहायचं ते आपल्याच हातात आहे ना." तो हसला. "आणि हो, ही लेबलची सोय कॅम्पच्या दिवशी चालूच ठेवा. कधी यंत्र अडलं, नळ्या संपल्या, तर रांग थांबायला नको. आकडा देऊन पुढे जायचं."

"ती सोय चाचणीसाठी आहे. खऱ्या कामात ती बंद असते."

"मॅडम, तुम्ही फार सोवळं पाळता," सार्थक म्हणाला.

तिने चोपन्नाचे चौऱ्याहत्तर केले. सोयही चालू ठेवली. घरच्या दूधवाल्याने पाणी घातलं तर चार घरं ऐकतील असं बोलणारी दर्शना, पण मालकासमोर तिचा आवाज तेवढाच निघाला.

कॅम्प कारखान्याच्या कँटीनशेजारच्या शेडमध्ये होता. एका बाजूला टेबलावर लॅपटॉप, तिथे दर्शना. शेजारी ठेकेदाराने आणलेले डॉक्टर, सह्या करायला. मध्ये हिरव्या कापडाचा आडोसा आणि पलीकडे फुंकणी. पलीकडचा मदतनीस कामगाराच्या हेल्मेटवर चिकटवलेलं नाव मोठ्याने वाचायचा, दर्शना ते नाव पडद्यावर उघडायची, कापडापलीकडे कुणीतरी फुंकायचं आणि आकडा यायचा. शेडमध्ये घामाचा, स्पिरिटचा आणि कँटीनच्या शिळ्या तेलाचा वास कोंदला होता. नळ्या सकाळीच संपल्या होत्या. मदतनीस तीच नळी कापसाने पुसून पुढच्याच्या तोंडात देत होता. दर्शनाने ते एकदा फटीतून बघितलं आणि पुन्हा तिकडे मान वळवली नाही.

आकडे चांगले येत होते. ऐंशी, शहाऐंशी, एकोणऐंशी. मध्येच एक एकशे पंधरा आला. थोड्या वेळाने पावडर सेक्शनच्या एका पोक्त माणसाच्या नावावर एकशे बारा. दर्शनाच्या कपाळाला आठी पडली. शंभराच्या वरचा आकडा तिने कधी लेबलवर लिहिलाच नव्हता, त्यामुळे त्यावर प्रोग्रामने जरा थबकावं हेही कुणाला सुचलं नव्हतं. तो मुकाट 'फिट' म्हणत गेला. डॉक्टर सह्या करत गेले.

मग पलीकडून आवाज आला, "सुशांत."

तिने नवऱ्याचं नाव उघडलं. कापडापलीकडे कुणीतरी मोठ्ठा श्वास घेतला आणि नळीत असा सोडला की आडोसा हलला. एकही ठसका नाही. पडद्यावर हिरव्यात एकशे अठरा.

दर्शना उठली आणि कापड बाजूला करून पलीकडे गेली. सुशांतचं हेल्मेट डोक्यावर, तोंडावर खाली ओढलेला मास्क, आणि हातात ओली नळी घेऊन किशोर उभा होता. तुळसामावशींचा किशोर. याच कारखान्यात गोडाऊनला पिशव्या उचलायचा, आणि पोलादपूरपासून महाडपर्यंतच्या कबड्डीच्या मैदानांत त्याचा दम प्रसिद्ध होता. चढाईला गेला की समोरचे सात जण थकायचे पण याचा श्वास तुटायचा नाही. बाकावर अजून दोन हेल्मेटं मांडून ठेवली होती, वेगवेगळ्या नावांची.

"वैनी, तू हितं?" किशोर दात काढून म्हणाला. "मला वाटलं तू ऑफिसात असशील."

"काढ ते हेल्मेट."

"गप ऱ्हा ना वैनी. सगळ्यांचं करतोय. पुण्य लागतं."

"कितीजणांचं फुंकलंस?"

"मोजतंय कोण. चढाया मोजत नाय मी."

मदतनीस छताकडे बघत होता. दाराशी सुशांत उभा होता, उघड्या डोक्याने, आणि त्याच्या मागे सेक्शनची आणखी माणसं. सगळ्यांनी एकमेकांची गुपितं एकाच माणसाच्या छातीत ठेवली होती आणि ती छाती खुशीत हसत होती. तीच नळी, तीच थुंकी, नावं तेवढी निराळी.

"दर्शना, आत जा," सुशांत हळूच म्हणाला. "तमाशा नको."

तेवढ्यात सार्थक आला. त्याला सगळं एका नजरेत कळलं. त्याने तिला बाजूला घेतलं आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "ठीक आहे, झालं ते झालं. आता यांना परत फुंकायला लावू नका, चारचौघांत लाज जाईल. लेबल लावा. तुमचेच मिस्टर आहेत, काय आकडा द्यायचा ते तुम्हीच ठरवा. एकशे अठरा जास्त वाटतो, ऐंशी द्या."

दर्शनाला तेव्हा एक गोष्ट सुचली आणि सुचल्याबद्दल स्वतःचीच शिसारी आली. खरा आकडा तिला ठाऊक होता. चोपन्न लेबलवर लिहायचं, कुणाला पत्ता लागणार नाही, सुशांतला फुंकायला लागणार नाही, आणि तो भुकटीतून सुटेल. खरंच लिहायचं होतं, फक्त चोरून. पण मग सासूबाई, सार्थक, किशोर आणि ती, चौघं एकाच ताटात जेवत होती.

ती टेबलाशी गेली आणि तिने एकशे अठरा पुसलं. आपल्या पिशवीतून घरी उरलेली एक कोरी नळी काढली आणि सुशांतच्या हातात दिली.

"तुम्ही फुंका."

सुशांतने तिच्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू तिने भर बाजारात त्याचा सदरा उतरवला होता. मग त्याने फुंकलं. खोकला. बाक धरून खोकत राहिला.

एक्कावन्न. तांबडं.

डॉक्टरांनी पहिल्यांदाच पेन थांबवून वर बघितलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "पुढचा." पुढचा आला. बाकावरची दोन हेल्मेटं तोवर ज्याच्या त्याच्या डोक्यावर गेली होती. आधीचे मोठे आकडे मात्र तसेच राहिले. कोणाकोणाचे किशोरने फुंकले ते दर्शनाला नक्की सांगता आलं नसतं, आणि दाराशी उभी असलेली माणसं तिच्याकडे ज्या डोळ्यांनी बघत होती त्यांपुढे तिचा हात पुन्हा उठला नाही.

सुशांतने घरी आल्यावर नेमकं तेच विचारलं. "माझाच पुसावासा वाटला तुला? बाकीच्यांचे नाय पुसलेस."

"तुम्ही माझे आहात म्हणून."

"झकास," तो म्हणाला.

नियमातलं दुसरं काम आलंच नाही. ठेकेदाराने सांगितलं, इलाज करा, बरा झाल्याचा दाखला आणा, मग बघू. महाडच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून औषधं दिली आणि एवढंच म्हणाले की धुळीपासून लांब राहिलात तर आहे तेवढं टिकेल. सुशांत घरी बसला. चंद्राबाई सुनेशी बोलायच्या बंद झाल्या. चहा करायच्या, दोन कप करायच्या, आणि तिसरी व्यक्ती घरात नाहीच अशा बसायच्या. आळीतल्या बायका नळावर दर्शना आली की बोलणं बदलायच्या. नवऱ्याला मशीनसमोर उभं करून कामावरून काढणारी बाई अजून कुणी बघितली नव्हती.

हे सगळं तिने गृहीत धरलं होतं. सार्थकने सांगितलं ते धरलं नव्हतं.

तो एक दिवस ऑफिसात बर्फीचा बॉक्स घेऊन आला. ठेकेदार खूश होता. आणखी दोन ठेकेदारांना हेच सॉफ्टवेअर हवं होतं. "आणि मॅडम, खरं श्रेय तुमच्या मिस्टरांना," सार्थक म्हणाला. तो टोमणा मारत नव्हता, तेच वाईट होतं. "सगळेच फिट निघाले असते तर वरून शंका घेतली असती. एक तांबडा आहे, त्यामुळे बाकीचे हिरवे खरे वाटतात. पुढच्या कॅम्पला पण असा एखादा लेबलने ठेवायला हवा."

दर्शनाने बर्फीचा तुकडा हातात घेतला होता. तो तिने कागदावर ठेवला, जिना उतरून खाली गेली आणि प्लायवूडच्या दुकानामागच्या गटारापाशी ओकली. सुशांतच्या छातीतून निघालेला तो एकच खरा आकडा, आणि त्याच्या आडोशाला किशोरचे सगळे खोटे आकडे अब्रूने बसले होते. तिनेच बसवले होते. वर येऊन तिने लेबलची सोय कॅम्पच्या प्रोग्राममधून कापून टाकली, खरं यंत्र जोडलेलं नसेल तर प्रोग्राम उघडूच नये असं केलं, आणि चाचणीतल्या त्या चौऱ्याहत्तरचे परत चोपन्न केले. सार्थकला सांगितलं. तो म्हणाला, "मी दुसऱ्या कुणाकडून परत टाकून घेईन." त्यानेही राग धरला नाही. त्या ऑफिसात कुणी कधी रागावत नसे.

त्याच आठवड्यात रविवारी तुळसामावशी आल्या. सोबत किशोर, नवा शर्ट घालून. मावशींच्या हातात पेढे.

"किशोरचं बरं झालं गो चंद्रे," त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या. "गोडाऊनातून काढला त्याला. पावडर शेक्शनला घेतला. पगार वाढला, आता पोलादपूरची ती माणसं परत बोलणी करतील बघ."

किशोरने स्पष्ट केलं, "दादाची जागा मोकळी होती ना. सायेब म्हणाला, कॅम्पात तुझ्या नावावरचा आकडा सगळ्यात भारी हाय, तुला काय होत नाय. एकशे वीस. तो माझा सोताचा हां, वैनी."

चंद्राबाईंनी बहिणीकडे बघितलं, मग पेढ्यांकडे. कॅम्पच्या दिवसानंतर पहिल्यांदा त्यांची नजर सुनेकडे वळली, पण त्या नजरेत काय होतं ते दर्शनाला नीट कळलं नाही.

"मावशी, त्याला तिथे पाठवू नका," दर्शना म्हणाली. "पिशव्या उचलतोय ते बरं आहे. यांचं बघितलंत ना काय झालं?"

तुळसामावशींचा चेहरा बदलला. "तुझ्या नवऱ्याची जागा गेली म्हणून माझ्या पोराची नको?"

"तसं नाही मावशी."

"मग कसं? नवऱ्याला तू उठवलंस, आता माझ्याला उठव. तुझ्या हातात मशीन हाय म्हणून?"

"आये, गप," किशोर म्हणाला. "वैनी काळजीनं बोलते. वैनी, माझी छाती पत्र्याची हाय, वाजवून बघ." त्याने छातीवर खरंच थाप मारली.

दर्शनाने सुशांतकडे बघितलं. तो कोपऱ्यात खाटेवर बसून होता. आता तो उठला, आत गेला आणि एक जुना सुती पंचा घेऊन आला.

"इकडं ये," तो किशोरला म्हणाला.

किशोर मोबाइलवर काहीतरी बघत त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. सुशांतने पंच्याची घडी घातली आणि त्याच्या नाकातोंडावरून मागे नेऊन गाठ मारली.

"कंपनीच्या मास्कवर जाऊ नकोस. आतून हे बांधायचं, ओलं करून. दर तासाने पिळायचं. चाळणीच्या पंख्याकडं तोंड करून उभा राहू नकोस, सुपरवायझर सांगेल पण राहू नकोस. तिथं डबा उघडायचा नाय. पाणी पण भायेर येऊन प्यायचं." मध्ये त्याला खोकला आला. तो भिंतीला हात लावून थांबला. मग पुढे म्हणाला, "पिशवी फाटली तर झाडूने लोटू नकोस, उडतं. पाणी मारायचं आधी."

"हां, हां. कळलं," किशोर पंच्याआडून म्हणाला. एक अंगठा अजून मोबाइलवर होता.

"अरे हळू सांग ना सगळं," तुळसामावशी म्हणाल्या. "आज पहिलाच दिस आनंदाचा."

"तू असंच बांधायचास काय रे दादा?" किशोरने विचारलं.

सुशांतने गाठ जरा सैल केली, पुन्हा घट्ट केली.

"नाय," तो म्हणाला. "मला कोणी सांगितलं नव्हतं."